पायी जाणाऱ्यांचा रकाना

गफूरभाई,

तुमची चिंचोक्यांची थैली तुम्ही माझ्या टेबलावर ठेवून गेलात तिथंच आहे. तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले. शिपाई रोज सकाळी टेबल पुसतो, थैली उचलतो, खालची धूळ पुसतो आणि परत ठेवतो. एकदा त्यानं ती कपाटात टाकली तर मी त्याच्यावर अशी खेकसले, की बिचारा आता तिला हात लावायच्या आधी माझ्या तोंडाकडे पाहतो. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे. ऑफिसात मला मागून सगळे ‘लाल सिग्नल’ म्हणतात, हे मला तुम्हीच सांगितलं होतं. वर म्हणालात, "नाव चांगलं हाय बाई, मले आवडलं."

आपलं एक भांडण अर्धवट राहिलं आणि माझी एक गोष्ट सांगायची राहून गेली. भांडण तुम्हाला माहीत आहे. गोष्ट माहीत नाही. ती सांगायला मला आठ वर्षं होती. आठ वर्षांत माणूस काय काय बोलतो. डाळीचे भाव बोललो, तुमच्या गुडघ्याचं बोललो, माझ्या घरमालकिणीच्या कुत्र्याचं तर रोजच बोलत होतो. हीच एक गोष्ट मी दर वेळी चहाबरोबर गिळली.

अमरावतीहून माझी अकोल्याला बदली झाली, त्या उन्हाळ्यात तुम्ही पहिल्यांदा भेटलात. शहरातल्या मोठ्या रस्त्यांची वाहतूक कशी वळवायची, सिग्नल कुठं लावायचा, डिव्हायडर कुठं तोडायचा आणि कुठं जोडायचा, हे कागदावर आखणं माझं काम. तुम्ही मोठ्या दवाखान्यासमोरच्या चौकातले ट्रॅफिक हवालदार. मी वाहनांची मोजणी लावली होती आणि मोजायला नेमलेली माणसं कडुलिंबाखाली बसून मनानंच आकडे टाकत होती. तुम्ही शिट्टी गळ्यात, टोपी काखेत, असे माझ्यासमोर आलात. "बाई, तुमची मानसं झोपून राहिली अन् कागदावर ट्रक चालून राहिले."

"मग तुम्ही मोजा," मी म्हटलं. रागानंच म्हटलं होतं.

तुम्ही खरंच मोजायला लागलात. दुसऱ्या दिवशी उजव्या खिशात चिंचोके भरून आलात. ट्रक गेला किंवा एसटी गेली की एक चिंचोका डाव्या खिशात. हात गाड्या थांबवायला मोकळे पाहिजेत, डोळे रस्त्यावर पाहिजेत, कागदात डोकं घातलं की ट्रक निसटतो, हे तुमचं शास्त्र. तास भरला की डावा खिसा माझ्या ओंजळीत रिकामा करायचात. मी मोजून तक्त्यात लिहायची. पुढं तुमचे आकडे मी दोनदा कॅमेऱ्याशी ताडून पाहिले, तुम्हाला न सांगता. कधीच चुकले नाहीत.

चुकायचा तो एकच, आणि तो तुम्ही मुद्दाम चुकवायचात. पहिला चिंचोका तुम्ही रस्त्याकडे न बघताच डाव्या खिशात टाकायचात. मी विचारलं, "हा कोणाचा?"

"हा माहा. मोजनारा बी रस्त्यावरच उभा हाय ना?"

"अहो, इथं जड वाहनं मोजतोय आपण. तुम्ही जड वाहन आहात का?"

तुम्ही पोटावरून हात फिरवलात. "आता ते तुमीच पाहा."

मी हसले नाही. मला तेव्हा हसायची सवय नव्हती. मी दर तासाच्या बेरजेतून लाल पेनानं एक वजा करायला लागले. तुम्ही तक्त्यावर वाकून पाहायचात आणि म्हणायचात, "कमी केलं मले." पुढच्या तासाला परत तेच. तुम्ही टाकायचं, मी वजा करायचं. असं आठ वर्षं चाललं. रिटायर झाल्यावर तुम्ही मुलाकडे अकोटला राहायला गेलात, तरी मोजणी लागली की पहिल्या एसटीनं यायचात, येताना केळी घेऊन. मी चटणी-भाकरीचा डबा दोघांचा करायची. एकटीसाठी मी कधी धड स्वयंपाक केला नाही, गफूरभाई. मोजणीच्या दिवशी तेवढा करायची. बाई अधिकारी झाली की तिला चहा सगळे विचारतात, सोबत जेवायला कोणी बसत नाही. तुम्ही बसायचात.

आता ती गोष्ट.

आपण ज्या तक्त्यावर मोजायचो, त्याला तुम्ही किती शिव्या दिल्यात. त्यात ट्रक होता, एसटी होती, ऑटो, दुचाकी, सायकल, हातगाडी, बैलगाडीसुद्धा होती. पायी जाणारा माणूस नव्हता. तुमच्या चौकात दवाखान्यातून माणसं निघायची आणि डिव्हायडरच्या कटमधून समोरच्या औषधाच्या दुकानात जायची, दिवसभर, हातात चिठ्ठी घेऊन. तुम्ही त्यांच्यासाठी हात आडवा करून ट्रक थांबवायचात. एका हातानं माणसं सोडायची आणि दुसऱ्या हातानं ट्रक मोजायचा. माणसांचा चिंचोका कुठंच टाकायचा नव्हता, कारण रकानाच नव्हता.

"ज्यानं हा कागद बनवला ना बाई," तुम्ही म्हणायचात, "त्याले एक दिवस माह्या चौकात उभा करा. बैल दिसला त्याले, मानूस नाई दिसला. कोन होय तो? पुण्याचा हाय का मुंबईचा?"

"वरून आलाय," मी म्हणायची.

वरून नाही आला. तो मी बनवला.

अमरावतीला नोकरी लागली तेव्हा मी सगळ्यात लहान आणि एकटीच बाई. तक्ता तयार करायचं काम माझ्याकडे आलं. मी सगळे रकाने आखले. शेवटचा रकाना होता ‘पायी’. छापायला घेतलं तर तो एक रकाना कागदात मावेना, दुसऱ्या पानावर जायला लागला. दुसरी पानं हरवायची. कुणी त्यात चिवडा बांधायचं, कुणी पंखा करून वारा घ्यायचं. तेव्हाचे साहेब सगळ्यांसमोर बोलले, "बाईंना साधा एक कागद आखता येत नाही." दुसऱ्या दिवशी मी शेवटचा रकाना काढून टाकला. एका पानात बसलं. साहेब खूश झाले. कुणी विचारलं नाही काय गेलं, आणि मीही सांगितलं नाही. मग तोच नमुना झाला. अमरावतीच्या फायली बघून अकोल्यात तोच आला आणि त्याच्यामागून मी आले. आता दर नवा माणूस ‘जुन्या नमुन्याप्रमाणे’ लिहितो आणि सही करतो. दोन शहरांचे रस्ते आम्ही त्या कागदावर आखले, गफूरभाई. त्यात चालणारं माणूस नव्हतं, कारण मला एका साहेबाचं बोलणं लागलं होतं.

तुम्ही शिव्या द्यायचात तेव्हा माझे कान तापायचे. एकदा तर तोंडाशी आलं होतं. चौकातल्या टपरीवर आपण बसलो होतो, तुम्ही म्हणालात, "त्याच्या घरी कोनी पायी चालत नसंन." मी म्हणाले, "हो ना." आणि चहा प्याले. त्या ‘हो ना’ची मला आज इतकी लाज वाटते, की दवाखान्याच्या रस्त्यानं जाताना मी टपरीकडे बघत नाही.

यंदा त्या रस्त्याचा आराखडा नव्यानं करायचं ठरलं. कोंडी होते, रुग्णवाहिका अडकतात, सगळं खरं. मी महिनाभर आकड्यांवर बसले आणि आकड्यांनी सरळ सांगितलं, मधला कट बंद करा. वाहनं वळणार नाहीत, कोंडी सुटेल. तुम्ही ऑफिसात आलात तेव्हा नकाशा टेबलावर पसरलेला होता. तुम्ही चष्मा लावून बोटानं रस्ता चालत गेलात आणि कटपाशी बोट थांबलं.

"हे काहून बंद केलं?"

मी समजावलं. पुढं दोनशे मीटरवर झेब्रा आहे, सिग्नल आहे, लोकांनी तिथून जायचं.

"दोनशे जायाचे अन् दोनशे यायाचे. कोन जाईन? आत ज्याचं मानूस पडून हाय, तो तुमच्या झेब्र्यावर जाईन का?"

"नियम आहे."

"बाई, तुमी कागद पाहून राहिले. मी तिथं तीस वर्षं उभा होतो."

मला राग आला. राग तुमचा नव्हता, तुमचं बरोबर होतं त्याचा होता. मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. म्हणाले, "तुमच्याकडे आकडा आहे का? असेल तर दाखवा. नुसतं वाटून रस्ते आखत नाहीत."

आकडा कसा असणार होता तुमच्याकडे? तो ठेवायची जागा मीच काढून टाकली होती. खिशातून थैली काढलीत, नकाशावर त्या कटच्या जागी ठेवलीत आणि म्हणालात, "आता तुमीच मोजा." चप्पल घालताना तुमचा तोल गेला, तुम्ही दाराला धरलंत. मी खुर्चीतून उठायला हवं होतं. उठले नाही.

पुढच्या पंधरा दिवसांत मी तुम्हाला फोन केला नाही. मला वाटलं, माणूस रुसला आहे, बैठक होऊन जाऊ दे, मग केळी मागायच्या निमित्तानं बोलू. तुमच्या मुलानं चौकातल्या लोकांना निरोप पाठवला, तो मला टपरीवाल्यानं सांगितला. तोवर तुमची माती होऊन गेली होती.

मी अकोटला गेले ती पाचव्या दिवशी. एसटीत खिडकीपाशी बसले आणि सबंध रस्ता समोरून येणारे ट्रक मोजत गेले. काय करणार, तुम्ही लावलेली सवय. भाभी इद्दतीत, नवरा गेल्यावर बाईनं घरातच राहायच्या दिवसांत, आतल्या खोलीत बसल्या होत्या. आम्ही पहिल्यांदाच भेटत होतो. मी नाव सांगायच्या आधीच त्या म्हणाल्या, "इंजिनेरबाई ना तुमी? चटनीवाल्या."

मग त्यांनी सांगितलं ते मला माहीत नव्हतं. छातीत दुखलं म्हणून तुम्हाला अकोल्याला आणलं होतं, त्याच दवाखान्यात. दोन दिवस तुम्ही आत होतात, रस्त्याच्या बाजूच्या वॉर्डात. आणि त्याच दोन दिवसांत मी बाहेर, कटपाशी, डिव्हायडर कुठं जोडायचा त्याच्या चुन्यानं खुणा करत होते. सिमेंटचे ब्लॉक येऊन कडेला पडले होते. माणसं मधून यायची आणि मी ओरडायची, "इथून नाही, पुढून जा, पुढून जा."

भाभी म्हणाल्या, "दवाई आनाले मीच जात होती, समोर. बीचमेंसे. डॉक्टर बोले जल्दी लाव, तर पळत गेली मी. या उमरमें पळाले येते का? पन वो कट होता म्हनून गेली अन् आली."

मी विचारलं, तिथं कोणी अडवलं का तुम्हाला. त्या म्हणाल्या, "कोनी तरी बाई वरडत होती. मी देखीच नाही तिच्याकडे."

त्या दोन दिवसांत मी कित्येकांवर ओरडले. त्या म्हणाल्या ती बाई मीच. दुसरी कोण असणार?

मी काही बोलायच्या आत त्यांनी माझा हात धरला. "तुमचा आवाज येत होता खिडकीतून. हे हसले. बोले, लाल सिग्नल लागला देखो. मी बोली, बुलाऊ क्या? तर बोले, नको, काम करून राहिली ती."

गफूरभाई, बोलवायचं होतं हो. एवढा हिशेबी माणूस तुम्ही, एवढं एक चुकलात. मी वर आले असते. चुन्याचे हात घेऊन तशीच आले असते आणि सांगून टाकलं असतं, की तो पुण्याचा नाही, मुंबईचाही नाही, तो तुम्ही आणलेली केळी खाणारा आहे. तुम्ही काय म्हणाला असतात ते मी एकवीस दिवस वेगवेगळं ऐकते आहे. कधी तुम्ही फार रागावता. कधी म्हणता, "मले माहीत होतं बाई." त्याचा जास्त त्रास होतो.

परवा बैठक झाली. नकाशा भिंतीवर, सगळे अधिकारी टेबलाभोवती, सहीचा कागद माझ्याकडून फिरायचा होता. मी सही केली नाही. म्हटलं, "साहेब, या मोजणीत पायी जाणारे नाहीत."

"नाहीत म्हणजे?"

"रकानाच नाही."

"नमुना तसाच आहे ना पहिल्यापासून?"

इथं मी ‘हो’ म्हटलं असतं की संपलं होतं. माझ्या नोकरीचं एक वर्ष राहिलं आहे. मी म्हटलं, "पहिल्यापासून नव्हता. तो रकाना मी काढला. अमरावतीला असताना. कागदात बसत नव्हता म्हणून."

कुणी तरी हसलं, मग थांबलं. साहेबांनी चष्मा काढला. "मॅडम, ब्लॉक येऊन पडलेत तिथं. हे तुम्ही आज सांगताय?"

मी म्हटलं, "आजसुद्धा उशीरच झाला, साहेब."

त्यांनी माझ्याकडून लेखी खुलासा मागितला, तो मी देईन. शेरा काय पडायचा तो पडो. कट तूर्त राहिला आहे, परत मोजणी होईपर्यंत. ती पंधरा दिवसांत करायची आहे आणि माणसं खरोखर किती जातात ते दाखवायचं आहे. जमलं तर तिथंच झेब्रा आणि सिग्नल मागणार आहे, नाही जमलं तर परत भांडेन. उठता उठता साहेबांनी विचारलं, "मोजायला खात्रीचा माणूस आहे का तुमच्याकडे?"

मी म्हटलं, "होता."

तर आज मीच गेले. नवा तक्ता काल बसून आखला. ‘पायी’ पहिला रकाना केला. बैलगाडी दुसऱ्या पानावर गेली, हरवली तर हरवू दे. दवाखान्याची गर्दी दुपारी बारानंतर असते, हे तुम्ही किती वेळा सांगितलं होतं आणि मी मोजणी कायम सकाळ-संध्याकाळची लावायची. आज बाराला जाऊन उभी राहिले. साडीला खिसे नसतात, हे काही तुमच्या शास्त्रात बसलेलं नव्हतं. दोन खांद्यांना दोन पिशव्या अडकवल्या, उजवीत चिंचोके भरले. लोक बघत होते. एकानं विचारलं, बाई, चिंचोके विकता का.

माणसं येत होती. चिठ्ठी घेतलेली, डबा घेतलेली, एका हातात सलाईनची बाटली आणि दुसऱ्या हातात चप्पल घेतलेली. नांदगाव खंडेश्वरची एक आजी, माझ्याच गावची निघाली, कटपाशी उभी होती आणि तिला ट्रकांपुढे पाऊल टाकता येत नव्हतं. मी हात आडवा केला. तुमच्यासारखा. ट्रकवाला थांबला नाही, हॉर्न मारत निघून गेला. त्याच्या मागचा थांबला. आजी गेली आणि मी तिचा चिंचोका टाकला. तासाच्या आतच उजवी पिशवी रिकामी झाली. परत भरून घ्यावी लागली, गफूरभाई. ट्रकांसाठी एवढे चिंचोके आपल्याला कधी लागले नव्हते.

तास भरल्यावर कडुलिंबाखाली बसले. ओंजळीत घ्यायला कोणी नव्हतं, मांडीवरच ओतले आणि मोजले. पहिला चिंचोका मी रस्त्याकडे न बघता टाकला होता. तो माझा नव्हता. सवयीनं लाल पेनाचं टोपण उघडलं, थोडा वेळ तसंच धरून बसले, मग लावून ठेवलं. साहेबांनी विचारलंच तर त्याचाही खुलासा लेखी देईन.

बेरीज केली. वजा काही केलं नाही. खाली सही केली. आज तुम्ही तक्त्यात आहात, गफूरभाई. पायी, पहिल्या रकान्यात.